हर्मनचा पणतू

काही लोकांना साखरेचा त्रास असतो, काहींना रक्तदाबाचा. पास्कोल डायसला जर्मन रक्ताचा होता. आणि साखरेचा माणूस जसा चहा पुढे आला की लगेच आपली साखर जाहीर करतो, तसा पास्कोलही ओळख झाल्याझाल्या समोरच्याला आपल्या रक्ताची कल्पना देऊन टाकायचा.

मी ओमानमध्ये सोहारला पाइपच्या कारखान्यात लॅबमध्ये लागलो तेव्हा कंपनीने मला त्याच्या फ्लॅटमधली रिकामी खोली दिली. दोघांचीही लग्नं झालेली, दोघांच्याही बायका देशात, म्हणजे कंपनीच्या भाषेत आम्ही ‘बॅचलर’. मी बॅग खाली ठेवतोय तोवर हा खोलीच्या दारात उभा.

“आपटे ना? गाव कुठलं?”

“गुहागर.”

“मी वसईचा. पण मूळ जर्मन.”

मी नीट बघितलं. सावळा वर्ण, कमरेला टॉवेल, हातात सुक्या बोंबलांची पिशवी. जर्मन म्हणता येतील असे फक्त डोळे होते, घारे. मी म्हटलं, “पास्कोलभाऊ, असले डोळे आमच्या गुहागरात दर तिसऱ्या घरात आहेत.”

“मग तुमच्यातपण चौकशी करा, आपटे,” तो अत्यंत गंभीरपणे म्हणाला. “बंदर जवळच हाय तुमचं.”

माझ्या आजीच्या चारित्र्यावर एवढ्या सहजपणे कुणी शंका घेतली नव्हती. पण माणूस इतक्या निर्मळ चेहऱ्याने बोलत होता की मला रागवायचं सुचलंच नाही. पुढे सहा-सात वर्षं आम्ही त्या फ्लॅटमध्ये एकत्र काढली, आणि रागवायचं मला कधीच जमलं नाही.

कारखान्यात तो मेंटेनन्सचा सुपरवायझर. त्याच्या वर्कशॉपच्या भिंतीवर एक मोठी फळी होती आणि तिच्यावर प्रत्येक पान्याची, पक्कडीची, हातोड्याची आकृती पांढऱ्या रंगाने रेखलेली. अवजार आपल्या आकृतीतच परत गेलं पाहिजे. चुकून दुसरीकडे टांगलं गेलं, तर पास्कोल ते उतरवायचा, ज्याने टांगलं त्याच्या हातात द्यायचा आणि एक शब्द न बोलता फळीकडे बोट दाखवायचा. दहाच्या चहाला तो कँटीनच्या दारात दिसला की पॅकिंगची पोरं आपापली घड्याळं जुळवून घ्यायची.

स्वतःच्या गुणांची त्याने रीतसर वाटणी करून टाकली होती. वेळ पाळणं, बोल्ट घट्ट आवळणं, बिअर पचणं हे सगळं जर्मनीकडून. राग, घोरणं आणि पत्ते हरल्यावरची कुरकुर ही आईच्या माहेरकडून. बायकोला, म्हणजे रोझीवहिनींना, त्याने ही वाटणी एकदा फोनवर ऐकवली. त्यांचं उत्तर मला पलंगावर बसून स्वच्छ ऐकू आलं: “आणि घरातला मिक्सर दोन वर्षं बंद हाय, तो कुठल्या देशाचा?”

आता या जर्मनीचा पाया काय? तर पास्कोलच्या वडिलांचं नाव हर्मन. वसईच्या ख्रिस्ती लोकांत थोरल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव द्यायची रीत. पास्कोलला आजोबांचं नाव मिळालं, वडिलांना त्यांच्या आजोबांचं, म्हणजे पास्कोलचा पणजोबाही हर्मन.

“आता बघा,” तो टेबलावर मीठदाणी, मसाल्याची बाटली आणि माझा चष्मा ओळीने मांडून सांगायचा, “नाव काय आभाळातून पडत नाय. या पणजोबा हर्मनला नाव दिलं, ते त्याच्या आज्याचं. म्हणजे तो आजा पण हर्मन. आणि त्या काळात वसईत हर्मन कोण असणार? इनास असेल, बावतीस असेल, पास्कोल असेल. हर्मन म्हंजे जर्मनच!”

माझा चष्मा हा मूळ पुरुष. तो रेल्वेचा इंजिनियर होता, खाडीवरचा पूल बांधायला आला होता, त्याला मिशा होत्या आणि केळी विकणाऱ्या वसईच्या मुलीवर त्याचं मन बसलं, इथवर पास्कोलने नक्की केलं होतं. तिचं लुगडं लाल होतं, हेसुद्धा त्याला ठाऊक होतं.

आमचा शिफ्ट इन्चार्ज सालिम हा इथलाच, ओमानी. त्याने एकदा चहाच्या वेळी ही कथा ऐकली आणि विचारलं, “बाप का बाप, उसका बाप, उसका बाप, क्या नाम?” पास्कोल हर्मनपर्यंत गेला आणि अडकला. सालिमने मग स्वतःचं सुरू केलं, सालिम बिन हमद बिन सैफ बिन नासिर, आणि तो थांबला तेव्हा आमचा चहा गार झाला होता. “किताब में लिखा है?” पास्कोलने विचारलं. “किताब क्यों?” सालिमने कपाळावर बोट ठेवलं. “इधर है.” पास्कोल चहा तसाच ठेवून वर्कशॉपकडे निघाला.

इथवर हा सगळा निव्वळ छंद होता. तो गंभीर झाला मेनिनमुळे. मेनिन हा आमचा गोव्याचा इलेक्ट्रिशियन. त्याचे आजोबा पोर्तुगीज अमदानीत जन्मलेले, तेवढ्या आधारावर त्याने कागद जमवले, पोर्तुगालचा पासपोर्ट काढला आणि बायकोमुलांसह इंग्लंडला निघून गेला. तिथून त्याने बर्फात उभं राहून काढलेला फोटो पाठवला.

“या माणसाला पोर्तुगीजचा एक शब्द येत नाय,” पास्कोल फोटो माझ्या नाकाशी धरून म्हणाला. “पोर्तुगाल म्हटलं की याला फक्त फुटबॉल माहीत. आणि आम्ही काय पाप केलं? वसईत पण पोर्तुगीज होतेच की. तुमच्या पेशव्यांनी किल्ला घेतला नसता तर आज मी लिस्बनला असतो.”

माझ्या लोकांच्या वतीने मी त्याची माफी मागितली.

पण मग तो खाटेवर बसला आणि साध्या आवाजात बोलायला लागला. त्याची एकुलती एक मुलगी शेरन नर्सिंग शिकत होती. “आपटे, मी आखाती देशांत उभा जन्म काढला. दर दोन वर्षांनी पासपोर्ट कंपनीला द्यायचा, शिक्का येईपर्यंत झोप नाय. मुदिर साहेब हसला तर बरं वाटतं, नाय हसला तर मनात बॅग भरायला घ्यायची. शेरनने हे करायचं नाय. तिच्या हातात असा पासपोर्ट पायजे की कुणी विचारता कामा नये, किती दिवस राहणार.”

मी स्पष्ट सांगितलं की खापरपणजोबाच्याही पलीकडच्या माणसावर कुठलंही सरकार पासपोर्ट देत नाही. तो म्हणाला, “गोवेकरांना देतात.” त्यांची गोष्ट वेगळी, असं म्हटल्यावर म्हणाला, “वेगळी कशी? त्यांचा आजा, माझा त्याच्या जरा वरचा.” हे ‘जरा’ त्याने फार हळू आवाजात म्हटलं.

त्यानंतरच्या त्याच्या सगळ्या सुट्ट्या गावच्या चर्चच्या ऑफिसात गेल्या. बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्या तिथे कपाटात. अर्ध्या वाळवीने खाल्लेल्या, उरलेल्या लॅटिनमध्ये. फादर तरुण होते आणि हुशार होते. वह्या नाजूक आहेत म्हणून त्यांनी पहिल्यांदा नकार दिला, मग पास्कोल काय काम करतो ते कळल्यावर म्हणाले, बघू. पहिल्या सुट्टीत सभागृहाचे पंखे झाले. दुसऱ्या सुट्टीत विहिरीचा पंप. तिसऱ्या सुट्टीत घंटेचा दांडा वेल्डिंग करून दिला, तेव्हा फादरनी एका पानाचा फोटो काढायची परवानगी दिली. मिक्सर तसाच.

तो फोटो घेऊन पास्कोल सोहारला परतला, तो जावई पसंत करून आल्यासारखा. मी फोन हातात घेतला. तपकिरी पान, कोळ्याने शाईत पाय बुडवून फिरावं तसं अक्षर. त्यात मला काहीच लागेना. पास्कोलने मोठं करून दाखवलं. “हे बघा, हर्मानुस. आणि खाली परत हर्मानुस. दोनदा! एक नातू, एक आजा. आणि हे काय? जर्मानिया!” एवढं मात्र खरंच वाचता येत होतं. खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही तो मिशीवाला इंजिनियर दिसला.

शेरनला इमोवर ताबडतोब व्हिडिओ कॉल गेला आणि बापाच्या आज्ञेनुसार तिने वसईला जर्मन भाषेचा क्लास लावला.

त्याच वर्षी कारखान्यात नवं मशीन आलं आणि ते बसवायला खुद्द जर्मनीहून बेर्न्ट नावाचा इंजिनियर आला. पास्कोलने आदल्या दिवशी वर्कशॉप धुऊन घेतलं, इस्त्रीचा शर्ट घातला. फळीवरच्या आकृत्यांवर रंगाचा नवा हात फिरवला. आपलं माणूस येणार होतं.

बेर्न्ट आला तो उशिरा, सपाता घालून, शर्टाच्या खिशात अर्धं सँडविच. त्याचा जन्म आखातात मशिनं बसवण्यात गेला होता. काम कधी होणार, विचारलं की म्हणायचा, “इन्शाल्ला.” पाना घ्यायचा, वापरायचा आणि जिथे उभा असेल तिथेच जमिनीवर सोडायचा. संध्याकाळी फळीवर नुसत्या आकृत्याच उरायच्या. पास्कोल त्याच्या मागे मागे पाने गोळा करत फिरायचा. आठवडाभर त्याने सोसलं, मग मला म्हणाला, “हा ऑस्ट्रियाचा असणार.”

तरी पाहुणचार केलाच. आमची सुट्टी शुक्रवारी, म्हणून सोहारच्या चर्चमध्ये रविवारची प्रार्थना, म्हणजे मास, तीही शुक्रवारी. मास झाला की पास्कोल मासळी बाजारात जायचा, आणि स्वयंपाक त्याचाच असल्यामुळे त्या दिवशी मी आमच्या घराण्याचे नियम गुहागरला ठेवायचो. एका शुक्रवारी त्याने सुरमई आणली, वसईचा बाटलीतला मसाला सढळ हाताने घातला आणि बेर्न्टला जेवायला बोलावलं. बेर्न्टच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो आणखी मागत होता. पास्कोलचं मत जरा सुधारलं.

बोलता बोलता कळलं की बेर्न्टचाही तोच उद्योग. सुट्टीत तो गावोगावच्या चर्चमध्ये जाऊन आपले पूर्वज शोधायचा. पास्कोलने खुर्ची पुढे ओढली. “मग? कोण निघाले?”

“डुकरं राखणारे,” बेर्न्ट खुशीत म्हणाला. “त्यांच्या आधी आणखी डुकरं राखणारे. आणि तीन पिढ्यांत बापाच्या नावाच्या जागी नुसती रेघ.”

“तू रडलास?”

“मी बिअर प्यालो. निदान डुकरं तरी त्यांची स्वतःची होती का, ते आता शोधतोय.”

पास्कोलने हात धुतले, फोन आणला आणि फोटो उघडून त्याच्यासमोर ठेवला. बेर्न्ट लहानपणी चर्चमध्ये फादरच्या हाताखाली असायचा, शाळेत लॅटिन शिकला होता, आणि असलं अक्षर वाचण्यात त्याची वर्षं गेली होती. चष्मा कपाळावर चढवून तो वाचायला लागला. वाचता वाचता त्याचं हसणं थांबलं.

“हर्मन दोन आहेत, बरोबर,” तो म्हणाला. “पहिला म्हणजे बाळ. बाळाचा बाप डायस, आई डायसच्या शेजारच्या गावची. बापाचा बाप,” त्याने बोट ठेवलं, “इनास डायस. तुमच्या गावचाच.”

“आणि दुसरा हर्मन?”

“हा जर्मनीचा. मिशनमधला ब्रदर. सुतार होता.” त्याने फोटो आणखी मोठा केला. “लिहिणारा फादर पण आमच्याकडचाच, म्हणून त्याने जरा जास्त लिहिलंय. प्लेगचं साल आहे. बाळाचा बाप आधी गेला, आई बाळंत झाली आणि गेली. घरातली बाकीची माणसं शेतात झोपड्या घालून राहिलीत. बाळाला हात लावायला कुणी तयार नाही. तेव्हा या सुताराने आत जाऊन बाळ उचललं, चर्चमध्ये आणलं, आणि बाप्तिस्म्याला गॉडफादर, म्हणजे धर्मपिता, म्हणून तोच उभा राहिला. म्हणून नाव त्याचं.”

ताटात सुरमईचे काटे.

“म्हणजे रक्ताचा नाय,” पास्कोल म्हणाला.

“रक्ताचा नाही.”

“पुढे बाळाला कोणी वाढवलं?”

“ते इथे नाही. पण वाढवलं कुणीतरी. नाहीतर तू आज मला जेवायला घातलं नसतंस.” मग बेर्न्टला वाटलं असावं की धीर द्यायला पाहिजे. “हे बघ, आजोबा व्हायला काही लागत नाही. माझे आजोबा कसे कसे झाले ते मी वाचलंय. पण हा माणूस दार उघडून आत गेला.”

पास्कोलने मान हलवली आणि ताटं उचलली. तो इंजिनियर, तो पूल, ते लाल लुगडं सगळं एका दुपारी बुडालं.

शनिवारी पास्कोल चहाला उशिरा आला. पॅकिंगच्या पोरांनी घड्याळं पुढे-मागे करून पाहिली आणि मग त्यांना खरंच काळजी वाटायला लागली. फळीवर पक्कडीच्या जागी हातोडा लटकत होता आणि कुणी बोट दाखवत नव्हतं. घरी पत्ते हरला तरी कुरकुर नाही. मी म्हटलं, अहो, कुठून तरी आलेलं नाव ते, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? तो म्हणाला, “माझं काय जातंय? मी म्हातारा झालो. पण शेरनला काय सांगू? पोरगी माझ्या शब्दावर जर्मन शिकतेय.”

सांगायचं धैर्य यायला त्याला बरेच दिवस लागले. एका संध्याकाळी त्याने मला शेजारी बसवून इमो लावला. शेरन पडद्यावर आली. याने मान खाली घालून सगळं सांगितलं, प्लेग, सुतार, बाळ. “तर बेटा, आपल्याला पासपोर्ट नाय मिळणार.”

“ते मला क्लासच्या पयल्या दिवशीच कळलं, डॅडी. मॅडमना विचारलं मी. त्या हसल्या.”

“मग बोलली का नाय?”

“तुम्ही एवढे खूश होता ना.” पोरीने केस मागे सारले. “पण क्लास मी सोडला नाय. आता दुसरी लेव्हल पास झाले. तिकडे नर्सेस पायजेत, माहितेय? मी परीक्षा देऊन जाणार, डायरेक्ट.”

“व्हिसावर?”

“व्हिसावर.”

पास्कोलने माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर अभिमान आणि दुःख दोन्ही एकाच वेळी आलं आणि कुणालाच जागा पुरेना. ज्या शिक्क्यापासून तिला वाचवायला निघाला होता, त्याच शिक्क्याच्या रांगेत ती स्वतःच्या पायांनी जाऊन उभी राहणार होती. “किती वर्षांचा देतात?” एवढंच त्याने विचारलं. ती म्हणाली, बघू. फोन बंद झाल्यावर त्याने तो गुडघ्यावर ठेवला आणि त्याची काच पुसत बसला. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि मी उठून त्याच्यासाठी चहा टाकला.

त्याचं शेवटचं दर्शन मला घडलं ते चर्चमध्ये. माझी बदली मस्कतला झाली होती आणि सोहारमधला तो माझा शेवटचा शुक्रवार. मास संपेपर्यंत मी नेहमी मागच्या बाकावर बसायचो, देवासाठी कमी आणि ए.सी.साठी जास्त. त्या दिवशी मासनंतर एका बाळाचा बाप्तिस्मा होता. आई सोहारच्या एका इस्पितळात नर्स, बाप ड्रायव्हर, दोघे आंध्रातल्या लहानशा गावचे. गॉडफादर व्हायचा होता तो त्यांचा गाववाला वाळवंटात तेलाच्या रिगवर कामाला. त्याच्या जागी दुसरा माणूसच आला नाही, म्हणून याला सोडलं नाही. आखातात हे असं होतंच. नातेवाईक सगळे समुद्रापलीकडे, आणि इथला एक जो असतो त्याला नेमकी सुट्टी मिळत नाही.

फादरनी घड्याळ बघितलं आणि विचारलं, कुणी उभं राहील का? लोक घराकडे निघालेले. जो तो आपले बूट न्याहाळायला लागला. गॉडफादर होणं म्हणजे जन्माचं नातं, अनोळखी माणसाशी कोण जोडणार. बाळाच्या आईने इकडेतिकडे पाहिलं आणि मग नवऱ्याकडे पाहिलं.

माझ्या शेजारचं बाक वाजलं. पास्कोल उठून चालायला लागला होता. जरा भरभरच. पुढे जाऊन त्याने दोन्ही हात पुढे केले, आणि नवंकोरं बेअरिंग खोक्यातून काढावं तसं ते बाळ जपून घेतलं. बाळ रडायचं थांबलं नाही.

फादरनी बाळाचं नाव विचारलं. बाप म्हणाला, “विजय.” मग त्याने बायकोकडे बघितलं, ती काहीतरी पुटपुटली आणि त्याने पास्कोलला विचारलं, “अंकल, आप का नाम?”

“पास्कोल.”

“विजय पास्कोल,” बाप फादरना म्हणाला.

मी मागे बसून हिशेब केला. शंभर वर्षांनी आंध्रात कुणीतरी उठणार आणि शपथेवर सांगणार की आमच्यात वसईकर आहे.

हा विचार पास्कोललाही सुचला असला पाहिजे. विधी झाल्यावर नोंद करायला सगळे ऑफिसात गेले, मीही दारात जाऊन उभा राहिलो. टेबलावर केरळचा एक म्हातारा क्लार्क लिहीत होता आणि पास्कोल, बाळ तसंच हातावर, त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होता. “साफ लिखो. गॉडफादर, बड़ा अक्षर. पास्कोल डायस, वसई, इंडिया. काम भी लिखो, मेंटेनन्स सुपरवायझर. बाद में गड़बड़ नहीं होना चाहिए.” क्लार्कने निमूटपणे तेवढं लिहिलं. “और उधर बाजू में लिखो,” पास्कोल म्हणाला, “खून का रिश्ता नहीं.”

क्लार्कने पेन टेकवलं. पास्कोलने एकदा हातावरच्या बाळाकडे बघितलं. ते लाल होऊन, मुठी आवळून, त्याच्याच तोंडावर ओरडत होतं.

“रहने दो,” तो क्लार्कला म्हणाला, आणि मग माझ्याकडे वळून मराठीत, “शोधू दे लेकाला.”